चारशेच्या जागी तीनशे दहा

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला फिजिक्स घेणारे आम्ही सहाच जण होतो. चार मुलं आणि दोन मुली. एकोणीसशे ऐंशीनंतरची पहिली दोन-तीन वर्षं असतील. मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याच्या आमच्या कॉलेजात लॅब म्हणजे एक लांबोडकी खोली होती. कापसाच्या हंगामात खिडक्या बंद ठेवल्या तरी जिनिंगच्या कारखान्याकडून उडालेले तंतू आत यायचे आणि मीटरच्या काचा आधी फडक्यानं पुसून घ्याव्या लागायच्या. पुस्तक इंग्रजी, वही हिंदी आणि आपसातलं भांडण मराठी, असा आमचा अभ्यास चालायचा. हिंदी वहीत 'प्रतिबाधा' लिहायचं, तोंडानं 'इम्पीडन्स' म्हणायचं, आणि कळलं नाही की एकमेकींना विचारायचं, "हे काय लिहून ठेवलं बाप्पा?"

त्या वर्षी इम्पीडन्सच्या प्रयोगाची कॉइल जळालेली होती. आदल्या वर्षी कोणीतरी ती सरळ भिंतीतल्या प्लगाला लावली होती. नवी मागवली होती, पण ती यायची चिन्हं नव्हती आणि प्रॅक्टिकलची परीक्षा दीड महिन्यावर आली होती. आमचे सर सौंसरचे. रोज बसनं येऊन-जाऊन करायचे. एक दिवस वर्गात सगळ्यांसमोर त्यांनी मला विचारलं, "तुझे बाबा मोटारी भरतात ना?"

माझे कान तापले. बाबांचं बस स्टँडजवळ वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी ते सोडवायचे, नवी तार भरून द्यायचे. तिगावपासून रामाकोन्यापर्यंतचे संत्रावाले त्यांच्याकडे यायचे. घरी या गोष्टीचा मला अभिमानच होता. पण वर्गात बाकीच्यांचे वडील मास्तर, कापसाचे व्यापारी, तहसीलीत नोकरीला. त्यांच्यासमोर वार्निशनं पिवळे झालेले बाबांचे हात मला आठवायला नको असायचे. मी मान खाली घालून "हो" म्हणाले.

"मग त्यांना विचार, एक कॉइल गुंडाळून देतील काय? हजार वेढे. आत लोखंड नको, नुसती लाकडाची रीळ."

बाबांना सांगितलं तेव्हा ते एका उघडलेल्या मोटारीवर वाकले होते. हातातली पक्कड खाली ठेवून म्हणाले, "कॉलेजले पायजे? आपली कॉइल?"

"हाओ. हजार वेढ्याची."

"हजार काय, दोन हजार देतो." मग पक्कड पुन्हा उचलत त्यांनी विचारलं, "पण लोखंड नाई तं ती करते काय?"

"आम्ही तिचा इम्पीडन्स मोजतो," मी म्हटलं.

सुतारानं सागाची रीळ करून दिली. रविवारी दुपारी बाबांनी ती हाताच्या वाइंडिंग मशीनवर चढवली. मशीनला आकडे मोजणारी छोटी चक्री होती. हँडलचा एक फेरा झाला की टक् करून आकडा पुढे सरकायचा. चोवीस नंबरची, इनॅमलचा लेप दिलेली तार ते बोटांच्या चिमटीतून अशी सोडत होते की एक वेढा दुसऱ्याला चिकटून बसत होता. मध्ये फट नाही, चढण नाही. साठेक वेढ्यांचा एक थर भरला की त्यावर पातळ कागद, मग परतीचा थर. आठ-नऊ थर झाले तेव्हा एक गिऱ्हाईक आलं. बाबा उठताना म्हणाले, "बस, तू चालव. तुह्या कॉलेजचं काम हाय, तुहाबी हात लागू दे."

मी दोन थर भरले. पहिल्या दहा-वीस वेढ्यांत फटी राहिल्या, ते सोडवून पुन्हा भरले, मग जमलं. मधला कागदही मीच लावला. बाबांनी परत येऊन वरून बोट फिरवलं आणि "बरं हाय" म्हणून पुढचे थर पुरे केले. शेवटी सिरीजचा बल्ब लावून पाहिला. म्हणजे कॉइल आणि बल्ब एकामागे एक जोडायचे. बल्ब लागला की तार कुठे तुटली नाही असं समजायचं. बल्ब लागला. दुसऱ्या दिवशी मी ती कॉइल वर्तमानपत्रात गुंडाळून, छातीशी धरून कॉलेजात नेली. सरांनी ती उजेडात फिरवून पाहिली आणि म्हणाले, "वा, काय हात आहे!" तेव्हा मात्र ते सगळ्यांनी ऐकावं असं मला वाटलं.

प्रयोग साधा होता. आमच्याकडे एक ऑसिलेटर होता. लोखंडी डबा, पुढे ताटलीएवढी डायल, आत जुन्या रेडिओसारखे व्हॉल्व्ह. चालू केल्यावर वीस मिनिटं तापू द्यावा लागायचा, नाही तर आकडा एका जागी ठरायचा नाही. डायल फिरवली की सेकंदाला शंभर सायकलपासून काही हजार सायकलपर्यंत हवी ती आवृत्ती, म्हणजे फ्रिक्वेन्सी, मिळायची. त्याला कॉइल आणि रेझिस्टन्स बॉक्स एकामागे एक जोडायचे. दोघांतून प्रवाह एकच. मग एकाच व्होल्टमीटरनं आधी कॉइलवरचा विजेचा दाब पाहायचा, चावी फिरवून बॉक्सवरचा पाहायचा, आणि बॉक्सच्या पितळी खुंट्या काढत-घालत दोन्ही दाब सारखे करायचे. सारखे झाले की बॉक्सवर जेवढे ओम, तेवढाच त्या आवृत्तीला कॉइलचा इम्पीडन्स, म्हणजे प्रवाहाला तिचा अडथळा.

"आणि आवृत्ती दुप्पट केली," सर म्हणाले होते, "की हाही जवळपास दुप्पट व्हायला पाहिजे. कॉइल आहे ती. जेवढं घाईनं हलवाल, तेवढी ती अडून बसते."

माझी जोडीदार म्हणजे वर्गातली दुसरी मुलगी, कापसाच्या व्यापाऱ्याची. ती खुंट्या सांभाळायची, मी मीटर वाचायची. दोनशे सायकलला एक्कावन्न ओम आले. चारशेला नव्व्याण्णव. आम्ही खूश. आठशेला एकशे अठ्ठ्याऐंशी. दोनशे यायला हवे होते, पण तेवढं चालायचं. सोळाशेला चारशेच्या जवळ यायला पाहिजे होते, आले तीनशे दहा. पुन्हा केलं. तीनशे आठ. बत्तीसशेला आठशे हवे, तर साडेचारशे.

"कुठी चुकलं वं?" मी म्हटलं.

"कुठीच नाई," ती म्हणाली. "लिहून टाक चारशे दोन आणि आठशे पाच. एकदम गोल नको लिहू, सरांना समजते."

यात नवल नव्हतं. आम्ही सगळेच असं करायचो. उत्तर माहीत असायचं, त्यावरून उलटे आकडे काढायचे. मीही चार लिहिला आणि त्यापुढे शून्य काढलं. तेवढ्यात सर मागे येऊन उभे राहिले. त्यांनी वहीत पाहिलं, मग बॉक्सच्या खुंट्यांकडे पाहिलं.

"बॉक्सवर तर तीनशे दहा दिसून राहिले."

मी वहीवर हात ठेवला.

"रागावत नाही मी. मला खरे आकडे सांगा."

मी सांगितले. सर स्टूल ओढून बसले आणि सगळं पहिल्यापासून त्यांनी स्वतः केलं. तेच आकडे आले. मग मी धीर करून म्हटलं, "सर, मीटरच खराब असंल. जुनं आहे."

"मीटर खराब असू शकते," ते म्हणाले. "पण विचार कर. एकच मीटर तू दोन्हीकडे लावतेस. ते खोटं बोललं तर दोन्हीकडे सारखंच खोटं बोलेल. दोन्ही दाब सारखे, एवढंच आपण त्याला विचारतो. म्हणून तर ही पद्धत घेतली." त्यांनी कॉइल तळहातावर घेतली. "आतमध्ये काही वेढे एकमेकांना लागलेत. शॉर्ट आहेत. हळू हलवलं तर कळत नाही, घाईनं हलवलं की ते वेढे आपल्यातल्या आपल्यात प्रवाह फिरवतात आणि बाकीच्या कॉइलचा जोर मोडतात. म्हणून वरच्या आवृत्तीला आकडा पडतो."

जोडीदारीण माझ्याकडे बघत होती. सरांनी फक्त एवढंच म्हटलं, "बाबांना सांगशील. होते असं कधी कधी."

सांगणं सोपं नव्हतं. त्या दिवशी मी दुकानावरून न जाता मागच्या गल्लीनं घरी गेले. संध्याकाळी बाबा हात धुऊन जेवायला बसले तेव्हा आईनंच विचारलं, "काय म्हणे तुहे सर? कॉइल चालली?"

मी आकडे सांगितले. बाबांचा घास हातातच राहिला.

"बल्ब लागला होता ना?"

"लागला होता बाबा. पण सर म्हणतात, बल्बानं हे समजत नाही. तार सलग आहे एवढंच समजते. आतले वेढे आपसात लागलेले..."

"तीस वर्षं झाली मले," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "पांढुर्ण्यात कोणी म्हणते काय, का मोटार भरली अन् वेढे लागलेले निघाले?"

आईनं ताटात वरण वाढलं, ते त्यांनी तसंच ठेवलं. मला वाटलं, चारशे दोन लिहून टाकले असते तर बरं झालं असतं. कोणाचं काय बिघडलं असतं?

दुसऱ्या दिवशी बाबा इस्त्रीचा सदरा घालून माझ्याबरोबर निघाले. "मले पायू दे कसं मोजतात ते," एवढंच म्हणाले. कॉलेजच्या फाटकाच्या आत ते त्या दिवशी पहिल्यांदा आले. चपला लॅबच्या दाराबाहेर काढायला लागले, तेव्हा सरांनी धावत जाऊन त्यांना थांबवलं. "दादा, राहू द्या, या, या." मी फुकाच घाबरले होते. सर त्यांच्याशी असं बोलत होते जसं एखाद्या दुसऱ्या कॉलेजातून आलेल्या प्राध्यापकाशी बोलावं.

सरांनी कपाटातून जुना हेडफोन काढला आणि ऑसिलेटरला जोडून बाबांच्या कानाला लावला. डायल शंभरवर होती. बाबांनी भुवया वर केल्या.

"हा तं आपल्या मोटारीचा आवाज हाय! चालू केली अन् फिरली नाई, तर अशीच गुणगुणते."

सर इतके खूश झाले की त्यांनी मला हाक मारली. "ऐकलं? लाइन पन्नास सायकलची. पण लोखंड एका सायकलमध्ये दोनदा ओढलं जाते. म्हणून आवाज शंभराचा. तुझ्या बाबांनी कानानं ओळखलं, तुम्हाला वहीत लिहूनही आठवत नाही."

मग त्यांनी डायल हळूहळू वर नेली. गुणगुण बारीक होत शिट्टीसारखी झाली. बाबा स्टुलावर बसून एखाद्या लहान पोरासारखे ऐकत होते. त्यानंतर आम्ही कॉइल जोडली. मी मीटर वाचलं आणि खुंट्या बाबांच्याच हाती दिल्या. दोनशेला एक्कावन्न. चारशेला नव्व्याण्णव. सर कागदावर लिहीत गेले. सोळाशेला बाबांनी खुंटी काढली, घातली, पुन्हा काढली. काटा दोन्हीकडे सारखा झाला तेव्हा ते स्वतःच बोलले, "तीनशे दहा."

बाबांनी कॉइल सोडवून घेतली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि म्हणाले, "उकलून पायतो."

त्या संध्याकाळी दुकानात मीही बसले. बाबा तार उलटी सोडवत होते, मी ती दुसऱ्या रिळावर घेत होते. एक थर संपला की ते कागद उजेडाकडे धरून पाहायचे. वरचे थर साफ निघाले. मग मी भरलेले थर आले. पहिल्यात काही नव्हतं. खालच्या थरावरचा कागद काढताना बाबांचं बोट थांबलं. काठापासून थोडं आत कागद दुमडला गेला होता आणि घडीपाशी फाटला होता. तिथं वरची तार खालच्या तारेत रुतली होती. दोन्हींचं इनॅमल खरवडून तांबं लाल चमकत होतं. एवढुसा ठिपका, मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान. त्यातून तीसेक वेढे शॉर्ट झाले होते.

तो कागद मी लावला होता. मला ते कळलं आणि बाबांनाही कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. फाटका कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, "सापडलं."

"बाबा, हा मी..."

"कागद कापून घे नवा. काठाले दोन बोटं जास्त ठेव, अन् बसवाच्या आधी नखानं सपाट कर." मग हँडल माझ्याकडे सरकवून म्हणाले, "तू भर हे दोन थर. मी कागदावर ध्यान देतो."

मला वाटलं होतं ते स्वतःच भरतील. या वेळी एकही फट राहिली नाही. पण डोळ्यांत पाणी येत होतं आणि वेढे मोजता येत नव्हते. चक्री मोजत होती म्हणून बरं.

आम्ही शेवटचा थर बांधत होतो तेवढ्यात सर बस पकडायला स्टँडकडे चालले होते, ते दुकानात डोकावले. "काय निघालं दादा?"

"कागद दुमडला होता," बाबा उभे राहत म्हणाले. "माह्याकडून राहून गेलं. वरतून हात फिरवला, पण पाह्यलं नाई."

मी एकदम म्हणाले, "सर, तो कागद बाबांनी नव्हता लावला. मी लावला होता."

बाबा माझ्यावर खेकसले, "तुले कोणी इचारलं?" आणि लगेच सरांकडे वळून, "दुकान माहं हाय सर. इथून जे जाते ते माह्या हातचं."

सर हसून म्हणाले, "म्हणजे काल मीटरची चूक होती, आज दोघंही म्हणतात माझीच," आणि बाकावर बसले. बाबाही हसले. मला हसू आलं नाही. पण छातीवरचं काहीतरी उतरलं.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये दोनशेला बावन्न आले, चारशेला एकशे एक, आठशेला दोनशे एक. सोळाशेला जोडीदारणीनं खुंट्या दोनदा काढून-घालून पाहिल्या. चारशे तीन. बत्तीसशेला आठशे सात. ग्राफच्या कागदावर ठिपके पट्टी ठेवल्यासारखे सरळ रेषेत बसले. सरांनी मला जुने आकडेही त्याच कागदावर वेगळ्या रंगानं काढायला लावले. वहीत खराब ग्राफ चिकटवायचा, हे मी आधी कधी ऐकलं नव्हतं. प्रॅक्टिकलच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बोट ठेवून विचारलं, "यह दूसरी रेखा क्या है?" मी दहा मिनिटं बोलत होते. हिंदी अडली तिथं मराठीत. त्यांनी मध्ये थांबवलं नाही.

गोष्ट इथं संपायला हवी होती, पण बाबांच्या मनातून ते तीस वेढे गेले नाहीत. सरांना बस यायच्या आधी अर्धा-पाऊण तास मिळायचा. तो ते आता दुकानात घालवू लागले. बाबांचा प्रश्न एकच होता. मोटारीत असे वेढे लागलेले असले तर ते कसे शोधायचे? ऑसिलेटर काही दुकानात आणता येत नव्हता. सरांनी कुठल्यातरी पुस्तकात पाहून कागदावर आकृती काढली. ट्रान्सफॉर्मरच्या जुन्या पत्र्यांचा घोड्याच्या नालासारखा तुकडा, त्यावर वाइंडिंग, त्याला लाइनीची वीज. तो मोटारीच्या आत, तार भरलेल्या खाचांवरून फिरवायचा आणि बाजूच्या खाचेवर आरीचं पातं धरायचं. खाचेतले वेढे शॉर्ट असतील तर पातं थरथरतं.

बाबांनी ते करायला दोन आठवडे घेतले. पत्रे भंगारातून निवडले, कानशीनं घासले, पुन्हा-पुन्हा बसवून पाहिले. त्या वर्षी उन्हाळा तापला होता. व्होल्टेज कमी यायचं, आंबिया बहाराची फळं धरलेल्या संत्र्याला पाणी द्यायचं असायचं आणि मोटारी ओळीनं जळून यायच्या. रामाकोन्याचे एक काका पाच एचपीची मोटार बैलगाडीत घालून स्टेशनपर्यंत आणि तिथून पुढे कशीबशी घेऊन आले. म्हणाले, "भरून द्या पूर्ण. गरम होते, पण जळाल्यासारखी दिसत नाई."

सर त्या वेळी दुकानातच होते. बाबांनी आधी सिरीजचा बल्ब लावला. बल्ब लागला. मग नाल आत ठेवला आणि पातं एकेका खाचेवर टेकवत गेले. चोवीस खाचा. पातं गप्प. अर्ध्यावर आले असतील आणि एकदम ते हातात कडकडलं, खाचेला चिकटून थरथरायला लागलं. बाबांनी पातं उचललं, पुन्हा टेकवलं. पुन्हा कडकड. त्यांनी माझ्या हातात पातं दिलं. "पाय, पाय," म्हणत होते. सरांनीही धरून पाहिलं. काकांनीही पाहिलं, आणि काही न कळता तेही हसायला लागले.

"सगळी भराची गरज नाई," बाबा त्यांना म्हणाले. "एकच कॉइल खराब हाय. परवा येऊन घेऊन जा."

या भानगडीत सौंसरची बस निघून गेली. सरांना आम्ही घरी नेलं. आईनं भाकऱ्या टाकल्या, वांग्याची भाजी होतीच. जेवताना सर म्हणाले की पुढच्या वर्षीच्या पोरांसाठी त्यांना आणखी दोन कॉइल पाहिजेत, एक चांगली आणि एक मुद्दाम तीस वेढे शॉर्ट केलेली. "खराब कॉइल ओळखणंही शिकवलं पाहिजे."

बाबांनी घास चावत विचार केला. "चांगली देतो," ते म्हणाले. "खराब माह्याकडून नाई होणार सर. ती हिच्याकडून भरून घ्या."

आई पदराआड हसली. मी रागावून ताटावरून उठायला निघाले, पण बाबांनी माझ्या ताटात अर्धी भाकरी वाढली, म्हणून बसले. पुढच्या रविवारी ती खराब कॉइल मी खरोखरच भरली. बाबा शेजारी बसून मोजत होते, शॉर्ट करायच्या तीस वेढ्यांचे चुकूनही एकतीस होऊ नयेत म्हणून.